सुधारण्याचा मोह आवरा

ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच येथील लिलावात १९९५ सालची एक मॅक्लारेन एफ-१ दोन कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेली. सहा गिअर हाताने टाकायचे, पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. मागे बीएमडब्ल्यूचे ६.१ लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन आणि चालकाची खुर्ची बरोबर मधोमध. शर्यतीच्या गाड्या धरून अशा एकूण १०६ बनल्या. तिच्याहून लवकर ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठणाऱ्या विजेच्या मोटारी आज तिच्या किमतीच्या किरकोळ हिश्शात शोरूममधून मिळतात. तरीही संग्राहक पैसे मोजतात ते जुन्या गाडीसाठी. हे श्रीमंतांचे चोचले म्हणून आपण सोडून देऊ नये. या किमतीमागचे कारण आपल्या गॅरेजच्या धंद्याच्या मुळाशी येऊन भिडते.

हाताचा गिअर मागे पडला तो रीतसर हरून. फेरारीने १९८९ मध्ये शर्यतीच्या गाडीत स्टिअरिंगमागच्या पात्यांवर गिअर आणला आणि १९९७ मध्ये तोच प्रकार ३५५ मधून रस्त्यावर उतरवला. पुढे दोन क्लचांचे गिअरबॉक्स आले आणि कोणत्याही माणसाच्या हातापायाला जमणार नाही इतक्या लवकर गिअर पडू लागला. २०१३ ची पोर्शे ९११ जीटी-३ तर फक्त अशाच गिअरबॉक्ससह आली. गाडी आधीपेक्षा वेगवान होती, पण जुने गिऱ्हाईक कुरकुरले. मग कंपनीने २०१६ मध्ये केवळ हाताच्या गिअरची ९११ आर काढली. त्या ९९१ गाड्या पाहता पाहता संपल्या, आणि हातोहात मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने फिरल्या. दुसऱ्याच वर्षी जीटी-३ मध्ये क्लचचे पेडल परत आले. मॅक्लारेन एफ-१ चे जनक गॉर्डन मरे यांनी अलीकडे टी-५० ही नवी गाडी आखली, तीही हाताच्याच गिअरची आणि अवघ्या १०० नगांची.

गिऱ्हाईक इथे विकत घेते ते स्वतःच्या वाट्याचे काम. क्लच कुठे धरतो हे पायाला कळणे, गिअर पडताना दांड्यातून आलेला ठोका तळव्याला लागणे, पुढच्या चाकाखालचा खडा स्टिअरिंगवर जाणवणे. मध्ये संगणक बसला की गाडी सोपी होते आणि चालकाच्या वाट्याचे काम संपते. १९८७ मध्ये आलेल्या फेरारी एफ-४० मध्ये ब्रेकलासुद्धा बूस्टर नव्हता. पोर्शे करेरा जीटीची सिरॅमिक क्लचप्लेट जेमतेम १६९ मिलिमीटर व्यासाची. नवखा माणूस सिग्नलला ती गाडी हमखास बंद पाडतो. चालवणाऱ्याला हातखंडा लागतो, म्हणूनच ती हवीशी वाटते.

राहात्यासारख्या तालुक्याच्या गावी करेरा जीटी कुणाच्या पिटवर येणार नाही, हे उघड आहे. पण तीच भूक नगर–मनमाड रस्त्यालगतच्या गॅरेजांत वेगळ्या नावांनी येते. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली यामाहा आरएक्स-१०० घ्या. ९८ सीसीची ही टू-स्ट्रोक गाडी ज्यांच्या जन्माआधी बंद पडली, ती पोरे आज तिच्यासाठी नव्या गाडीइतके पैसे टाकायला तयार असतात. मूठ पिळून गिअर टाकायची बजाज चेतक आहे. कुर्ल्यात बनलेली, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली १०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावर उरली नाही, आणि घरगुती वापरातल्या पद्मिनींची चौकशी सुरू झाली. ऊसपट्ट्यात सगळ्यांत जवळची म्हणाल तर महिंद्राची सीजे-३बी जीप. हरिकेन पेट्रोल इंजिन, टी-९० हा तीन गिअरांचा बॉक्स, आणि पहिल्या गिअरला सिंक्रो नाही.

या जीपांचे आपण काय केले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पेट्रोल परवडेना म्हणून हरिकेन उतरवले आणि डिझेल बसवले. काही ठिकाणी इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातले, काही ठिकाणी प्यूजोचे, काही ठिकाणी भंगारात जे मिळाले ते. माउंटिंग कापले, बेल हाउसिंगला लेथवर प्लेट करून घेतली, गिअरबॉक्सही बदलला. शेतकऱ्याला गाडी चालवायची होती आणि ती चालली. त्या काळी तेच काम बरोबर होते. त्या कल्पकतेबद्दल कुणालाही शरमिंदे व्हायचे कारण नाही. आज मात्र गिऱ्हाईक वेगळे आहे. पुण्याहून, नाशिकहून येणारा संग्राहक बॉनेट उघडून आधी इंजिनाचा नंबर पाहतो. हरिकेन इंजिन असेल तर तो तासभर थांबतो. नसेल तर चहा पिऊन निघून जातो.

तरीही आपला हात शिवशिवतो. “साहेब, पॉवर स्टिअरिंग टाकून देतो”, “डिस्क ब्रेक बसवून देतो”, “दांड्यावरचा गिअर खाली घेऊ, त्रास संपेल.” आरएक्सला दुसरा सायलेन्सर, पोर्टिंग, रुंद टायर. हेतू चांगला असतो. पण संग्राहकाच्या गाडीत ‘त्रास’ काढला की किंमतही निघून जाते. परदेशात याचा उलटा प्रयोग सुरू आहे. पात्यांच्या गिअरच्या फेरारी उघडून त्यात क्लचचे पेडल आणि खाचांच्या पट्टीचा हाताचा गिअर बसवून देणारी गॅरेजे निघाली आहेत. काम उत्तम होते, गाडीचा भावही वाढतो, पण कारखान्यातूनच तशी निघालेल्या गाडीची बरोबरी होत नाही. फेरारी ५९९ जीटीबी हाताच्या गिअरसह जगभरात सुमारे ३० बनल्या, आणि बाजाराला त्या एकेक करून ठाऊक आहेत.

कायदाही याच बाजूने आहे. गाडीच्या मूळ रचनेत कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास व्हिंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. रोजच्या वापराला ती गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली आणि देखभालीसाठी येते. मुख्य अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे १९७० ची जीप हरिकेनसह असेल तर ती व्हिंटेज. डिझेल बसवलेली असेल तर कागदोपत्री निव्वळ जुनी गाडी.

म्हणून जुन्यातले सगळेच पवित्र, असे आम्ही म्हणत नाही. ब्रेकचे पाइप, चाकाचे सिलिंडर, टायर, जळकट वायरिंग हे निमूट बदलावे. त्यात भर इथेनॉलची. आपल्याच पट्ट्यातल्या उसापासून बनलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते. ते ओलावा धरते, जुन्या रबरी नळ्या फुगवते, कार्बोरेटरच्या धातूला गंज चढवते. गाडी महिनोन् महिने झाकून ठेवणाऱ्याला हे आधी सांगा. नळ्या आणि डायफ्राम इथेनॉल सोसणारे घाला, उभ्या गाडीची टाकी रिकामी करायला लावा. हा बदल डोळ्याला दिसत नाही, परत फिरवता येतो आणि गाडीचे आयुष्य वाढवतो. बदल योग्य की अयोग्य हे ठरवायला याहून चांगली कसोटी नाही: उद्या दुसऱ्या मिस्त्रीला तो पुसून टाकता आला पाहिजे. नवीन भोक पाडणे आणि चासी कापणे या कसोटीला कधीच उतरत नाही.

दुसरी काळजी हत्यारांची आणि हातांची. मॅक्लारेन एफ-१ चे इंजिन तपासायला नव्वदच्या दशकातला कॉम्पॅकचा लॅपटॉप लागे, आणि कंपनीने तसे जुने लॅपटॉप अगदी अलीकडेपर्यंत सांभाळून ठेवले होते. आपल्याकडे पद्मिनीचा पुलर, टू-स्ट्रोकचा टायमिंग लावायचा डायल गेज आणि जीपच्या ट्रान्सफर केसचे खास पान्हे दर दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात जातात. कार्बोरेटरचा आवाज ऐकून जेट सांगणारे, डबल क्लच मारून पहिला गिअर आवाज न करता टाकणारे मिस्त्री आता साठीपुढे आहेत. स्कॅनर लावून कोड वाचणाऱ्या पोराला हे पुस्तकात सापडणार नाही. नगरच्या रणगाडा संग्रहालयात, राहात्यापासून नगर–मनमाड रस्त्याने सुमारे ८० किलोमीटरवर, रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी उभी आहे. तिथे एकदा आपल्या हाताखालच्या पोरांना न्या. गाडी जशी होती तशी ठेवणे हेही स्वतंत्र कसब आहे, हे त्यांना पाहून कळेल.

व्यवहारात करायचे ते इतकेच. गाडी हातात घेतल्यावर खोलण्याआधी फोटो काढा. इंजिन, चासी आणि गिअरबॉक्सचे नंबर वहीत उतरवा. काढलेला मूळ भाग चिठ्ठी लावून मालकाला परत द्या, भंगारवाल्याला नाही. मालकाने बदल हट्टाने मागितला तर त्याने किंमत किती घटेल हे बिलावर लिहून द्या. पुढचा वाद टळेल. आणि मजुरी सांगताना लाजू नका. ज्या कामाला माणूस मिळत नाही, त्याची मजुरी ऑइल बदलण्याच्या दराने लावणे हा स्वतःवरचा अन्याय आहे.

वाचकांना एक विनंती. आपल्या तालुक्यात टी-९० खोलून बांधणारा, पद्मिनीच्या दांड्याचे बुश घरी करणारा, आरएक्सचा क्रँक बरोबर बसवणारा मिस्त्री असेल, तर त्याच्या कामाची पद्धत टप्प्याटप्प्याने लिहून आम्हाला पाठवा. आम्ही ती छापू. पोर्शेसारख्या कंपनीने गिऱ्हाइकाच्या आग्रहाने एकदा काढलेले पेडल परत बसवले. आपल्याकडचे हात एकदा गेले की परत बसवता येणार नाहीत.