ताट आपले, गिऱ्हाईक परक्याचे!

1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. लिव्हरपूलच्या पेठेत अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ ही कापसाची जात ओळखली जात होती. परंतु ज्या शेतकऱ्याने तो कापूस पिकवला, त्याला आपला माल अखेर कोणाच्या हाती पडतो, काय भावाने पडतो आणि पुढच्या हंगामात तो घेणारा टिकेल की नाही, यातले अक्षरही ठाऊक नव्हते. 1865 मध्ये यादवी संपली, भाव कोसळला, आणि भाव कुठे ठरतो हेच ज्याला माहीत नव्हते तो नागवला गेला. दीडशे वर्षांनंतर तेच अज्ञान वऱ्हाडच्या खाणावळीत, चुलीशेजारी येऊन बसले आहे.

अमरावतीचा गिला वडा, रोडगे आणि वांग्याची भाजी, पाटोडीचा रस्सा ही आमच्या आचाऱ्यांची आणि आमच्या मायमाउल्यांची पिढीजात विद्या. ती रांधायची अमरावतीच्या राजापेठेत किंवा अकोल्याच्या जठारपेठेत. पण ती कोण मागवतो, महिन्यातून कितीदा मागवतो, तिखट कमी मागतो की जास्त, ही सारी नोंद जमा होते गुरुग्रामच्या झोमॅटोकडे आणि बंगळुरूच्या स्विगीकडे. शंभर रुपयांच्या थाळीतून समजा पंचवीस रुपये दलालीत गेले, तर उरलेल्या पंचाहत्तरांत किराणा, सिलिंडर, पार्सलचे डबे, पोऱ्यांचा पगार आणि दुकानाचे भाडे भागवून मालकाच्या हाती काय उरते? जबर दलाली आणि गिऱ्हाइकांची माहिती दडवणे यांविरुद्ध देशातील उपाहारगृहांच्या संघटनेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली, आणि 4 एप्रिल 2022 रोजी आयोगाने या दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. तिकडे चौकशी चालू असताना, जानेवारी 2023 मध्ये, झोमॅटोने सुमारे 225 लहान शहरांतून आपला गाशा गुंडाळला, कारण त्या सगळ्या शहरांचा मिळून कंपनीच्या उलाढालीतला वाटा अवघा 0.3 टक्के होता. त्या शहरांतील अन्नाला चव नव्हती काय? तिथल्या माणसांना भूक लागत नव्हती काय? काही तिमाह्यांचा आकडा पटला नाही, एवढ्यावर 225 गावे पुसली गेली. उद्याच्या यादीत आपले गाव नसेल, ही हमी आम्हांस कोणी दिली आहे?

कंपन्यांना शिव्याशाप देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तेवढ्यावर थांबणार नाही. 22 फेब्रुवारी 2021 रोजी अमरावती शहरात आणि अचलपुरात टाळेबंदी लागली, महाराष्ट्रातील कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा पहिला घाव वऱ्हाडाने छातीवर झेलला, तेव्हा वीस-वीस वर्षे रोज शेकडो माणसे जेवू घालणाऱ्या कित्येक मालकांना हे उमगले की आपल्या एकाही गिऱ्हाइकाचा फोन नंबर आपल्यापाशी नाही! आज गाड्यावरच्या चहालाही क्यूआरने पैसे घेतले जातात, गल्ल्यावरचा डबा ‘पैसे मिळाले’ म्हणून दिवसभर ओरडतो. पण कोणत्या वारी गल्ला ओस पडतो, कोणता पदार्थ खपतो आणि कोणता केवळ पाटीवर शोभतो, हे ती नोंद आणि विक्रीची वही जुळवून वाचून काढण्याची तसदी कोणी घेत नाही. कित्येकांना तर तसे वाचणे नकोच असते, कारण खरा हिशेब एकदा लिहिला की तो इतरांनाही वाचता येतो. ही भीती ज्यांनी उराशी बाळगली, त्यांनी आपल्या दुकानाचे नुकसान आपल्याच हाताने केले. अशांची कड आम्ही घेणार नाही.

आणि या आंधळेपणाची किंमत कोठे मोजली जाते? अकोल्यात शिकवणी वर्गांसाठी बुलडाणा-वाशीमपासून मुले येतात, अमरावतीत स्पर्धा परीक्षांसाठी येतात, आणि त्यांच्या जिवावर गल्लोगल्ली मेस चालतात, बहुधा एखाद्या बाईच्या कष्टावर. साठ मुलांचा स्वयंपाक होतो, सणावाराला वीस गावी गेलेली असतात, आणि रात्री वीस जणांचे वरण-पोळी उकिरड्यावर जाते. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या गटात ‘उद्या कोण कोण?’ एवढे तीन शब्द टाकले असते, तर ते अन्न वाचले असते आणि त्या बाईचे पैसेही. संगणकाच्या धंद्यातही हेच घडले: 2001 साली अमेरिकेत 17 संगणक-व्यावसायिकांनी एक जाहीरनामा लिहिला आणि लहान पाऊल टाका, परिणाम लगेच पाहा, चुकले तर पुढचे पाऊल बदला, ही रीत जगभर मान्य झाली. चांगली सुगरण भाताचे एक शीत चेपून तेच करत आली आहे. एक पदार्थ आठवडाभर बदलून पाहावा, ताटामागचा खर्च रोज लिहावा, आठवड्याच्या शेवटी आकडा वाचावा. यासाठी हातातला फोन आणि अर्धा तास पुरतो. शेंडगावच्या गाडगेबाबांनी आपल्या दशसूत्रीत भुकेलेल्याला अन्न अग्रस्थानी ठेवले. त्यांच्या जिल्ह्यात अन्न उकिरड्यावर जाते, ते केवळ विचारणारे कोणी नाही म्हणून! हे पाप आहे.

या पापाचे वाटेकरी खाणावळवालेच नाहीत. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाची मुले ‘जेवण मागवण्याचे ॲप’ हा प्रकल्प करतात, गुण घेतात, आणि तो प्रकल्प कपाटात धूळ खात पडतो. महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या मेसवाल्या काकूंना तो दाखवावा असे एकाही प्राध्यापकास सुचू नये? डिजिटल भारताचे फलक ज्यांनी चौकाचौकांत स्वतःच्या छायाचित्रांसह लावले, त्या लोकप्रतिनिधींनी त्या फलकाखालच्या भजीवाल्याला विक्रीची वही फोनवर ठेवायला कधी शिकवले? ज्या व्यापारी संघटना सत्कारांसाठी महागडी सभागृहे घेतात, त्यांना छोट्या हॉटेलवाल्यांसाठी महिन्याकाठी एक वर्ग भरवणे जड जाते? केरळच्या हॉटेलमालकांनी आपल्या संघटनेमार्फत ‘रेझॉय’ नावाचे स्वतःचे ॲप काढले. ज्या अमरावतीने पंजाबराव देशमुख दिले, ज्या अकोल्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे आहे, तिथे चार हॉटेलवाल्यांना एकत्र बसून एक सामायिक नंबर, एक सामायिक यादी आणि डबे पोचवणारी चार मुले उभी करता येऊ नयेत? पुतळ्यांना हार घालण्यात मात्र आम्ही कोणाला हार जात नाही!

जूनमध्ये शिकवणीची नवी मुले ट्रंका घेऊन अकोल्याच्या आणि बडनेऱ्याच्या फलाटांवर उतरतील. त्याआधी महाविद्यालयांनी आपली कपाटे उघडावीत, प्रत्येक प्रभागातील खाणावळींच्या दारी दोन विद्यार्थी धाडावेत, आणि व्यापारी संघटनांनी त्यांचा खर्च उचलावा. कोणी धाडले आणि कोणी हात झटकले, त्याची नावनिशीवार यादी आम्ही जुलैमध्ये याच स्तंभात छापू.