विजेची मोटार आणि विम्याचे जुने कोष्टक

२५ जुलै २०२४ ची पहाट पुणेकर विसरलेले नाहीत. खडकवासल्याच्या धरणातून सोडलेले पाणी मुठेच्या पात्राबाहेर पडले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील रहिवाशांना जीव मुठीत धरून वरचे मजले गाठावे लागले. खाली उभ्या असलेल्या मोटारी व दुचाक्या पाण्याखाली गेल्या. पूर ओसरला की घरातला चिखल काढता येतो, भिंती पुन्हा रंगविता येतात. परंतु बुडालेल्या मोटारीचे काय करावयाचे हा प्रश्न पुराबरोबर ओसरत नाही. ती मोटार विजेवर चालणारी असेल तर तो अधिकच बिकट होतो. तिची बॅटरी पेटीबंद असते हे खरे. पण पेटीवरील प्रचलित मानांकन एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकाव धरण्यापुरते असते. तासन् तास साचून राहणाऱ्या गढूळ पाण्याची हमी त्यात नाही. अशा मोटारीचा धनी विमा कंपनीच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याला दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. गाडी दुरुस्त होणार की ती ‘टोटल लॉस’ म्हणजे पूर्ण हानी ठरणार? आणि पूर्ण हानी ठरली तर हाती किती रुपये पडणार?

हे प्रश्न मूठभर हौशी श्रीमंतांचे आहेत असे समजण्याचे दिवस गेले. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात विजेवरच्या सुमारे एक लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या. केंद्र सरकार या मोटारींवर अवघा ५ टक्के वस्तू व सेवा कर घेते. महाराष्ट्र सरकारने त्यांना मोटार वाहन करात सवलती दिल्या आणि २०२५ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवरील पथकरातूनही सूट देण्याचे ठरविले. तृतीय पक्षाच्या विम्याच्या दरातही १५ टक्के सूट मिळाली. शासनाने हात धरून नागरिकाला या मोटारीत बसविले, असेच म्हटले पाहिजे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. शहरांची हवा स्वच्छ व्हावी असे कोणाला वाटत नाही? मात्र ज्याला सरकारने मोटारीत बसविले, तो अपघातानंतर रस्त्यावर उभा राहिला तर त्याची विचारपूस कोणत्या नियमाने होणार, याचा विचार झालेला दिसत नाही. त्याला लागू होणारा नियम पेट्रोलच्या मोटारींसाठी घडविलेला आहे.

या नियमाचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पूर्वी मोटार नष्ट झाली की अपघाताच्या दिवशी तिचा बाजारभाव काय होता यावरून कंपनी आणि विमेदार यांच्यात रण माजत असे. कंपनीला बाजार नेहमी उतरलेला दिसे, विमेदाराला चढलेला. हा झगडा मिटावा म्हणून २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात ‘विमेदाराने घोषित केलेले मूल्य’ ही कल्पना रूढ झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला आयडीव्ही म्हणतात. विमा उतरविताना त्या नमुन्याच्या मोटारीची कारखानदाराने जाहीर केलेली किंमत घ्यावयाची, तीतून वयानुसार घसारा वजा करावयाचा आणि जे उरेल ते मूल्य विमापत्राच्या मुदतभर कायम समजावयाचे, अशी ही पद्धत. घसाऱ्याचे कोष्टकही ठरलेले आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे, तसेच ज्या नमुन्याचे उत्पादन थांबले त्याबाबत, दोन्ही पक्षांनी परस्परसंमतीने मूल्य ठरवावे. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या पाऊण हिश्शाहून अधिक झाला तर मोटार पूर्ण हानीत गेली असे मानावे, असाही नियम त्यातच आहे. दरांवरील बंधन २००७ साली उठले. पण हे कोष्टक आणि हा पाऊण हिश्शाचा नियम विमापत्रांतून अद्याप ठाण मांडून बसले आहेत.

पेट्रोलच्या मोटारीला ही व्यवस्था बरीचशी मानवली, कारण तिची जाहीर किंमत वर्षानुवर्षे चढतच असे. विजेच्या मोटारीचे तसे नाही. बॅटरीच्या घटांची किंमत जगभर घसरत आहे आणि तिच्यामागे मोटारीची किंमतही उतरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मोटर्सने नेक्सॉनच्या विजेवरील मोटारीची किंमत १ लाख २० हजार रुपयांपर्यंत आणि टियागोच्या विजेवरील मोटारीची ७० हजारांपर्यंत उतरविली. घटांचे भाव पडल्याचेच कारण कंपनीने दिले. नव्या ग्राहकाला ही दिवाळी. पण आदल्या वर्षी पूर्ण किंमत मोजलेल्या ग्राहकाच्या विम्याचे काय? नूतनीकरणाच्या वेळी घसारा वजा होतो तो या उतरलेल्या किमतीतून.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या गृहस्थाने १५ लाखांची मोटार घेतली आणि तीपैकी साडेतेरा लाख ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी कर्जाऊ काढले. मोटार वर्षाची झाली, विम्याचे नूतनीकरण झाले आणि कोष्टकातील २० टक्के घसारा लागला. किंमत कायम असती तर घोषित मूल्य १२ लाख झाले असते. दरम्यान कारखानदाराने ती साडेतेरा लाखांवर आणली असेल तर ते भरते १० लाख ८० हजार. आणखी सहा महिन्यांनी मोटार नष्ट झाली, तर त्या दिवशी बँकेचे सुमारे ११ लाख २७ हजार रुपये येणे असतात. विम्याची सर्व रक्कम प्रथम बँकेकडे जाते आणि मोटार नसलेला हा मोटारमालक वर सुमारे ४७ हजार रुपयांचा देणेकरी राहतो. यात कोणी लबाडी केली नाही, कोणी नियम मोडला नाही. गणित बरोबर आहे आणि तरीही माणूस बुडाला आहे.

दुसरी गोष्ट त्या पाऊण हिश्शाच्या नियमाची. विजेच्या मोटारीत एकटी बॅटरीच किमतीचा मोठा भाग खाऊन टाकते. आपल्या उदाहरणातील मोटारीची नवी बॅटरी ६ लाखांची आहे असे धरू. मोटारीचे वय चौथ्या वर्षात असताना घोषित मूल्य ९ लाख होईल आणि त्याचा पाऊण हिस्सा पावणेसात लाख. पाचव्या वर्षात मूल्य साडेसात लाखांवर येईल आणि पाऊण हिस्सा ५ लाख ६२ हजार ५०० रुपयांवर. म्हणजे गाडीचे दरवाजे, चाके, काचा सर्व धडधाकट असताना केवळ रस्त्यातील दगड लागून बॅटरीच्या पेटीला पोचा पडला आणि कार्यशाळेने ‘पेटी सबंध बदलावी लागेल’ असे लिहून दिले, तर चालती-बोलती मोटार एका कागदाने मृत ठरते. विशेष असे की, पुष्कळशा कारखानदारांनी याच बॅटरीची आठ वर्षांची हमी दिलेली असते. हमीच्या हिशेबाने जी वस्तू अर्ध्या आयुष्यात आहे, ती विम्याच्या हिशेबाने भंगारात जाते. ही विसंगती प्राधिकरणाच्या नजरेस अद्याप पडू नये, हे आश्चर्य आहे.

तिसरी गोष्ट एका शब्दाची आहे. अंशतः हानीच्या दाव्यात रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के घसारा कापण्याचा नियम याच दरपत्रकात आहे. २००२ साली बॅटरी म्हणजे इंजिन सुरू करण्यापुरती काही हजार रुपयांची शिशाची पेटी. विजेवरील मोटार म्हणून तेव्हा देशात बंगळूरची चिमुकली ‘रेवा’ काय ती होती आणि तिच्याही पोटात शिशाच्याच बॅटऱ्या होत्या. नियम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही लाखो रुपयांचा लिथियमचा संच नव्हता. पण शब्द तोच राहिला आणि त्याच्या पोटात सहा लाख रुपये येऊन बसले. शब्दशः अर्थ लावला तर सहा लाखांच्या दुरुस्तीत तीन लाखांचा भार विमेदारावर पडतो. ‘झीरो डेप’ नावाचे जादा संरक्षण त्याने आधी विकत घेतले असेल तरच तो टळतो. त्यामुळे मोटार पूर्ण हानीत जावी की दुरुस्त व्हावी, याविषयी विमेदार आणि कंपनी यांचे हितसंबंध प्रत्येक दाव्यात निराळ्या दिशेने ओढ घेतात आणि मधे सर्वेक्षकाचा कागद निर्णायक ठरतो. त्यातच २०२४ पासून बॅटरी भाड्याने देऊन मोटार स्वस्तात विकण्याचा नवा प्रकार आला आहे. तेथे नष्ट झालेल्या बॅटरीचे पैसे कोणाचे, याचे उत्तर खरेदीच्या दिवशीच लेखी घेतलेले बरे.

विमा कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. बॅटरीच्या पेटीत आतून काय बिघडले आहे हे बाहेरून दिसत नाही. पाणी शिरलेली किंवा चेपलेली पेटी काही दिवसांनी पेट घेण्याचा धोका खरा आहे, काल्पनिक नव्हे. पेटी उघडून त्यातील बिघडलेला भागच बदलण्याची सोय असणाऱ्या कार्यशाळा थोड्या. आणि जेथे सोय आहे तेथेही कारखानदार सुटे भाग व तपासणीची माहिती हातची सोडावयास तयार नसतात. अशा स्थितीत सर्वेक्षकाने संपूर्ण पेटीचा खर्च मांडला तर केवळ त्याला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि मोटारींचा विषयही तिच्या कक्षेत घातला. तो हक्क सर्वांत निकडीचा जर कोठे असेल तर तो या बंद पेटीपाशी आहे.

नियम बदलेतो विमेदाराने हातावर हात ठेवून बसावे असे मात्र नाही. नूतनीकरणाच्या वेळी हप्त्याचा आकडा सर्वजण पाहतात, घोषित मूल्याचा फारच थोडे. हप्ता दोन-तीन हजारांनी कमी व्हावा म्हणून मूल्य खाली आणणे हे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे आहे. पहिल्या काही वर्षांत ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे संरक्षण घेतले तर पूर्ण हानीच्या वेळी मूळ बीजकाची किंमत मिळू शकते. कर्ज काढलेल्याने तरी ते टाळू नये. मोटार नष्ट झाल्यावर कंपनीने ठरलेल्या मूल्यापेक्षा कमी रक्कम पुढे केली तर सही करण्यापूर्वी कारण लेखी मागावे. कंपनीने स्वतः मान्य करून ज्या मूल्यावर हप्ता घेतला, त्यापासून तिला काही महिन्यांनी मनमानी करून मागे फिरता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले आहे. आणि सर्वेक्षकाचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे, असेही त्याच न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले आहे. मोडकी गाडी स्वतःकडे ठेवण्याचा आग्रह धरला तर भंगाराची किंमत वजा होते. ती कोणत्या बोलीवरून ठरली हे विचारण्याचा विमेदाराला अधिकार आहे. मोटार कायमची निकामी झाल्याची खबर परिवहन कार्यालयाला चौदा दिवसांत द्यावयाची असते, तिचीही हयगय होऊ नये. मृत मोटारीचे क्रमांक चोरीच्या मोटारीवर चढविणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत.

कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर दखलच घेतली नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देण्याचा अधिकार त्यांना आहे. ग्राहक आयोगाचा मार्ग त्यापलीकडे मोकळा आहेच.

परंतु प्रत्येक दावेदाराने लोकपालाच्या पायऱ्या चढाव्यात ही काही न्यायाची व्यवस्था नव्हे. विमा विनियामक व विकास प्राधिकरणाने आता तीन गोष्टी कराव्यात. मोटार आणि तिची बॅटरी यांचे मूल्य विमापत्रात निरनिराळे लिहावे आणि बॅटरीचा घसारा मोटारीच्या वयावर न ठरविता तिच्या तपासलेल्या क्षमतेवर ठरवावा. शिशाच्या पेटीसाठी केलेला ५० टक्क्यांचा नियम लिथियमच्या संचाला लागू नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत जाहीर करावे. आणि केवळ बॅटरीच्या खर्चामुळे मोटार पूर्ण हानीत काढावयाची असेल तर पेटी उघडून केलेल्या तपासणीचा अहवाल विमेदाराला दिल्याशिवाय तसा निर्णय होऊ नये. यापैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

विमा हा विश्वासाचा व्यवहार आहे. हप्ता भरणारा माणूस संकटाच्या दिवसाचे वचन विकत घेत असतो आणि त्या दिवशी त्याला कोष्टकातील जुने शब्द वाचून दाखविले गेले, तर शेजारी दुसऱ्या विजेच्या मोटारीचा विचार करणार नाही. ज्या सरकारला आपले रस्ते धूरमुक्त करावयाचे आहेत, त्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे. पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा वाहनतळात शिरेल. त्याआधी हे कोष्टक बदलले जावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.