मंडईत गायचं आणि मराठी एकही नाही?

पोरांच्या गाण्यांची यादी परवा ग्रुपवर आली. आठ गाणी, आठही हिब्रू. खाली तीन जणांनी टाळ्यांचे अंगठे दिलेत. कार्यक्रम कुठे आहे माहितेय का मंडळी? मंडईत. समोर भाजीवाले, हमाल, पेठांतली म्हातारी माणसं आणि मंडई विद्यापीठाचे सगळे स्वयंघोषित प्राध्यापक. त्यांच्यासमोर आपली पोरं पाऊण तास गाणार आणि एका शब्दाचा अर्थ कुणाला कळणार नाही. खरं सांगायचं तर गाणाऱ्या पोरांनाही कळणार नाही.

आम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. आम्ही बेने इस्रायल. कोकणातले ज्यू. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचो म्हणून गावाने नाव दिलं 'शनिवार तेली'. आडनावं दिवेकर, पेणकर, किहीमकर. घरात मराठी. बाहेरही मराठीच.

मी हिब्रूच्या विरोधात नाही. प्रार्थना हिब्रूतच होते, व्हायलाच हवी. मलिद्याच्या ताटापुढे म्हणतो ते एलियाहू हन्नाबीचं गाणं यादीत जरूर घ्या. पोहे, गूळ, खोबरं समोर ठेवून आपल्या घरात ते म्हटलं जातं, त्यामुळे ते आपलंच आहे. माझं भांडण 'हवा नागिला'शी आहे. ते म्हणे आपलं 'पारंपरिक' गाणं! कुणाचं पारंपरिक? चाल पूर्व युरोपातल्या हसिदी लोकांची. तिच्यावर शब्द बसले जेरुसलेममध्ये, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. गाणं छानच आहे, लग्नात नाचायला तर झकास. पण अलिबाग-पेणच्या माणसाचा त्याच्याशी संबंध किती?

आता आपलं बघा. पेसाहच्या रात्री वाचायची हगादा १८७४ साली याच पुण्यात छापली गेली. विठ्ठल सखाराम अग्निहोत्रींच्या छापखान्यात, हिब्रू मजकुरासोबत मराठी भाषांतर आणि चित्रांसकट. ही मंडईची इमारत उघडली १८८६ला. म्हणजे मंडईच्या आधी बारा वर्षं पुण्यात ज्यू माणूस मराठीत आपला सण वाचत होता. पुढे १८८०च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ यांची चरित्रं मराठी पद्यात रचून, चालीवर म्हणून. आज तुम्ही ज्याला जुनं म्हणता त्या 'हवा नागिला'चे शब्दही तेव्हा जन्मले नव्हते.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'कीर्तन हिंदूंचं, ते आपलं कसं?' अहो, पुण्यातल्या सिनेगॉगला सगळं गाव 'लाल देऊळ' म्हणतं आणि मुंबईत शार हारहमीमला 'जुनी मशीद' म्हणतात. देऊळ म्हटल्याने आपण बाटलो नाही, मशीद म्हटल्यानेही नाही. मग साकी-दिंडीच्या चालीत योसेफाची गोष्ट सांगितली तर काय बिघडतं? त्या कीर्तनकारांना आपला धर्म तुमच्या-माझ्यापेक्षा कमी कळत होता असं म्हणायचंय का?

दुसरी तक्रार बसवणाऱ्यांची. 'या गाण्यांना नोटेशन नाही, चार आवाजांत बसत नाहीत.' नाहीच बसत. ती चार आवाजांची गाणीच नाहीत. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचं, एवढा साधा मामला. आपल्याकडे पोरं जेमतेम डझनभर, त्यातल्या तिघांचा आवाज फुटतोय. चौघा-चौघांचे गट पाडून हार्मनी बसवण्यापेक्षा एका सुरात ध्रुपद म्हणवणं कितीतरी सोपं. पेटी आणि झांज पुरे. पट्टी मुलींच्या गळ्याची धरा, आवाज फुटलेली पोरं खालच्या सप्तकात जातील. नोटेशन नसेल तर म्हाताऱ्यांकडून ऐकून घ्या, आपल्याकडे अजून आहेत त्या.

आणि मुलींवरून आठवलं. 'पुरुषांसमोर मुलींनी गाऊ नये' ही कुजबुज हल्ली सुरू झाली आहे. बाहेरून शिकवायला आलेल्यांच्या आदरापोटी असेल, मला माहितेय. पण ही मराठी गाणी इतकी वर्षं टिकवली कुणी? बायकांनी. मेंदीच्या रात्री, मलिद्याला, वह्यांमध्ये उतरवून. आता त्यांच्याच नातींना मागच्या रांगेत तोंड मिटून उभं करणार असाल तर कार्यक्रम रद्द केलेला बरा.

शेवटी हातिक्वा. ते एका देशाचं राष्ट्रगीत आहे. त्या देशात आपली भावंडं आहेत, जीव तुटतो, मान्य. पण पुण्याच्या चौकात राष्ट्रगीत म्हणायचं तर ते आपलं, भारताचं. एवढं तरी वादापलीकडचं असावं. गंमत म्हणजे तिकडे गेलेली आपली माणसं 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक काढतात आणि इकडे आपण मराठी गाण्यावर काट मारतो.

थोडं आयोजकांनाही. तुम्हाला 'काहीतरी वेगळं, ज्यू टाइप' हवंय असं तुमच्या फोनवरून आम्हाला कळलं. टोपी घालून उड्या मारणारी पोरं हवी आहेत. राज्याने २०१६ला आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, २०२४ला मराठी अभिजात झाली, दोन्हींचे फलक तुम्ही लावाल. पण आम्ही मराठीत गायलो तर तुमचा हिरमोड होणार, कारण मग आम्ही पाहुणे वाटणार नाही.

माझं म्हणणं एवढंच. आठातली पाच मराठी करा. सुरुवात योसेफाच्या कीर्तनातल्या पदाने, मध्ये मेंदीची दोन, मग एलियाहू हन्नाबी. 'हवा नागिला' पाहिजेच असेल तर शेवटी घ्या, लोक उठायला लागले की. रविवारी दहा वाजता रास्ता पेठेत भेटू. ज्यांच्या घरी आजीची वही आहे त्यांनी ती आणा. वही द्यायला आजी तयार नसेल तर आजीलाच आणा, रिक्षाचे पैसे माझे.