टॉवरची भीती नको, मोजणी हवी

वस्तीत कुणाच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला की त्याच्या खाली राहणारी घरे आधी घाबरतात. डोकेदुखी, झोप न लागणे, कॅन्सर, सगळ्याचे खापर टॉवरवर फुटते. आम्हाला वाटते, आपण चुकीच्या जागी घाबरतो आहोत.

टॉवरवर उभी, लांबट पॅनेल दिसतात. एकेका पॅनेलच्या आत अनेक छोटे अँटेना एकावर एक बसवलेले असतात. त्यांच्या लहरी समोरच्या दिशेला एकमेकींत मिसळून जोर धरतात, वर आणि खाली बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. कोणत्या अँटेनाला किती शक्ती द्यायची, कुणाची लहर किंचित मागे ठेवायची, हे ठरवून इंजिनिअर झोताला आकार देतात. झोत आडवा पसरतो, पण वर-खाली पट्टीसारखा चपटा असतो आणि जरासा खाली झुकवलेला असतो. टॉर्च समोर धरला तर आपल्या पायांवर फारसा उजेड पडत नाही, तसेच टॉवरच्या खाली होते. थोड्या लहरी निसटतात, पण मुख्य झोत डोक्यावरून पुढे जातो.

मग काळजी कुणी करावी? पॅनेलच्या अगदी समोर, जवळच, त्याच उंचीवर ज्यांची खिडकी आहे त्यांनी. बैठ्या घरांतली आपली माणसे आता पुनर्वसनाच्या इमारतींत सातव्या-आठव्या मजल्यावर राहायला जात आहेत. टॉवर बसवताना समोर मोकळे आकाश होते; तिथे इमारत उभी राहिल्यावर झोताची दिशा पुन्हा तपासली गेली का, हे विचारायलाच हवे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवले. म्हणजे शंका आहे, सिद्ध झालेले नाही. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश मर्यादा लागू केली. ती पाळली जाते का, हे मोजल्यावरच कळेल. 2017 मध्ये केंद्र सरकारने ‘तरंग संचार’ पोर्टल सुरू केले, पण मागणीवरून मोजणीसाठी 4,000 रुपये शुल्क ठेवले. चाळीस घरांनी शंभर-शंभर रुपये काढावेत तेव्हा एक मोजणी! वस्त्यांसाठी ती मोफत असावी आणि निकाल मराठीत इमारतीच्या दारावर लावावा, ही आमची मागणी आहे.

टॉवर हटवा म्हणण्याआधी एक लक्षात घ्या. रेंज कमी असली की कानाला लावलेला फोनच जास्त जोर लावतो. आणि डोके महिनाभर दुखत असेल, तर टॉवरकडे बोट दाखवत बसू नका. आधी दवाखाना गाठा.