बक्षीस किती?

आमच्या वडिलांच्या पिढीने सायकल चालविली ती पोटासाठी. आमची पिढी चालविते ती पोट कमी करण्यासाठी. रविवारी भल्या पहाटे नवी मुंबईच्या पामबीच मार्गावर उभे राहून पाहावे. डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब असे एरवी भारदस्त दिसणारे गृहस्थ अंगाला घट्ट बसणारे रंगीत कपडे घालून खाली मान घालून चाललेले दिसतील. याच शहरातले कबीर राचुरे नावाचे वकील २०१९ साली अमेरिका आडवी ओलांडण्याची सायकल शर्यत एकट्याने पुरी करून आले. तेव्हा साथ आहे खरी!

तिची लागण या मराठीच्या प्राध्यापकालाही झाली आणि मी 'ब्रेव्हे'त नाव घातले. शब्द फ्रेंच, अर्थ प्रमाणपत्र. ही शर्यत नव्हे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत कापायचे, वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का किंवा सही घ्यायची, पंक्चर झाले तर आपले आपण काढायचे. पहिला नाही, दुसरा नाही. या पंथाची पंढरी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १८९१ साली ती शर्यत म्हणून सुरू झाली. आता चार वर्षांनी एकदा भरते, १२०० किलोमीटर, मुदत ९० तास.

"अहो, पण मिळते काय?" सौभाग्यवतींनी विचारले.

"पदक."

"फुकट?"

"त्याचे पैसे वेगळे."

यावर त्या काही बोलल्या नाहीत. डबा मात्र भरून दिला.

सकाळी सहाला वाशी सोडली. पनवेल, चौक, खोपोली हा सारा सपाट मामला. द्रुतगती मार्गावर सायकलीला मज्जाव असल्याने आपली वाट जुनी. खोपोली मागे पडली की बोरघाट सुरू होतो. इंग्रजांनी १८३० साली येथून गाडीरस्ता खुला केला. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा चढ पहिल्याने चढेल त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आम्ही त्या दिवशी घाटाची प्रजा होतो. एक वळण संपावे तो वरच्या अंगाला दुसरे, आणि आपल्या श्वासाचा आवाज आपल्यालाच लाजिरवाणा वाटावा इतका मोठा. शिंग्रोबाच्या देवळापाशी उतरलो. वाहनवाले येथे नाणे टाकून पुढे जातात. या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखविली, बक्षीस काय हवे म्हणताच देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. मीही नाणे टाकले.

लोणावळ्यानंतर कार्ले, कामशेत. मावळातली भाताची खाचरे दोन्ही हातांना. शंभराव्या किलोमीटरचे ठाणे बारा-चाळीसला बंद व्हायचे; मी सव्वाबाराला पोचलो. ठाणे म्हणजे वडगावच्या पुढची एक चहाची टपरी. सही टपरीवाल्याचीच चालणार होती. सत्तरीचा म्हातारा, डोक्याला मुंडासे.

"बक्षीस किती हाय, मास्तर?"

"काही नाही, बाबा."

"मंग येवढं उरीपोटी कशापायी?"

वेळेत पोचण्याची मौज असते, असे काहीसे मी बोललो. बाबा हसले. आंदर मावळातल्या आपल्या गावाहून तळेगावात त्यांनी वीस वर्षे सायकलवरून दूध घातले होते. दोन बाजूंना दोन कॅन, पावसाळ्यातसुद्धा.

"येळंत न्हाई पोचलं तर दूध नासायचं. तुमचं काय नासतं?"

पंचवीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतो आहे. या प्रश्नाला सुचले नाही. चहाचे पैसे त्यांनी घेतले, बिस्किटाचे घेतले नाहीत. मग कार्ड हातात घेऊन, ओल्या बोटांचा डाग पडू नये म्हणून आधी ती सदऱ्याला पुसून, त्यांनी चौकटीत न मावणारे आपले पूर्ण नाव लिहिले आणि त्याखाली गावाचेही.

घाट उतरताना ब्रेक दाबून बोटे आखडली. सहा-पन्नासला वाशीत होतो. कार्ड संयोजकांकडे जमा करावे लागते. देण्यापूर्वी मी त्या सहीचा फोटो काढून घेतला.