सूत्रधाराचा निवाडा

खेळ म्हटला कीं नियम आले, आणि नियम आले कीं तंटा आला. आट्यापाट्यांत पाटी धरणाऱ्याचा पाय पाटीवर होता कीं सुटला होता, खो-खोंत खो नीट दिला कीं नाहीं, या प्रश्नांवर शाळेच्या मैदानांत जितके घसे कोरडे झाले असतील तितके वक्तृत्वाच्या चढाओढींतही झाले नसतील. तथापि मैदानी खेळांतील तंटा एका अर्थानें सोपा असतो. पाय पाटीवर होता किंवा नव्हता. दोहोंपैकीं एकच गोष्ट खरी असते, आणि ती पाहण्याकरितां पंच उभा असतो. ज्या खेळाविषयीं आज आम्ही चार शब्द लिहूं इच्छितों त्यांत पाटी नाहीं, पाय नाहीं, आणि ज्या घटनेवरून वाद माजतो ती कोणीं डोळ्यांनीं पाहिलेलीही नसते.

हा खेळ म्हणजे मेजाभोंवतीं बसून फाशांच्या साह्यानें रचावयाचें कथानक. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं सन १९७४ मध्यें 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें अशा प्रकारचा पहिला खेळ प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे गडी एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, गडी आपापलें पात्र काय करील तें सांगतात, आणि जेथें फळ अनिश्चित असेल तेथें फासे टाकतात. खेळ एका बैठकींत संपत नाहीं, महिनेच्या महिने चालतो. म्हणून त्यास मोहीम म्हणावयाचें. आरंभीं असल्या मोहिमा जुन्या काळच्या किल्ल्यांत आणि भुयारांत घडत. पुढें १९९१ मध्यें 'व्हँपायर: द मास्करेड' हा खेळ निघाला, आणि अद्भुत प्राणी आजच्या शहरांत, विजेच्या दिव्यांखालीं, माणसांच्या नकळत वावरूं लागले.

आम्ही मित्रमंडळी जी मोहीम खेळतों तिचें शहर मात्र आम्हीं परकें घेतलें नाहीं. तें सोलापूरच आहे. भुईकोट किल्ल्याचा खंदक, सात रस्ता, बाळीवेस, बंद पडलेल्या गिरण्यांचीं आवारें, कंबर तलावाचा कांठ, हींच आमचीं रंगस्थळें. इंग्रजी पुस्तकांतील रक्तपिपासू प्राण्यांच्या जोडीस आमच्या येथें मुंजा आहे, हडळ आहे, वेताळ आहे, आणि रात्रीं वाट चुकविणारा चकवाही आहे. येथेंच पहिली अडचण उभी राहते. रक्तपिपासूचे नियम पुस्तकांत छापलेले आहेत. मुंजाचे नियम आजीच्या तोंडीं आहेत, आणि प्रत्येकाची आजी निराळी. एकीच्या मतें मुंजा पिंपळ सोडून पाऊलभरही जात नाहीं. दुसरीच्या मतें तो तिन्हीसांजेस विहिरीपर्यंत येतो. शिवाय आमच्यांत तेलुगू घरचे गडी आहेत, कानडी घरचे आहेत, उर्दू घरचे आहेत; ज्याच्या त्याच्या घरचें भूत स्वतःचा कायदा बरोबर घेऊन येतें. नियमपुस्तक इंग्रजी, वाद मराठींत, आणि राग आल्यावर शब्द ज्याच्या त्याच्या मायबोलींत!

गेल्या पावसाळ्यांतील एक प्रकरण येथें विस्तारानें सांगतों, कारण आमचें मत त्याच्यावरच उभें आहे. 'द ड्रेसडेन फाइल्स' या कादंबऱ्यांवरून २०१० मध्यें जो खेळ निघाला त्यांत उंबरठ्याविषयीं एक मोठा सुंदर नियम आहे. ज्या वास्तूंत कुटुंब नांदतें तिच्या उंबरठ्यास बळ असतें. बोलावल्यावांचून आंत शिरूं पाहणाऱ्या अमानुष प्राण्याची शक्ति तेथें खुंटते. जी जागा सार्वजनिक, किंवा केवळ कामाची, तिला हें बळ नसतें. आम्हीं तो नियम आमच्या मोहिमेंत घेतला, आणि तो कोणालाही समजावून द्यावा लागला नाहीं. उंबरठ्यावर बसूं नये, उंबरठ्यावर शिंकूं नये, हें ज्यानें लहानपणापासून ऐकलें आहे त्यास उंबरठ्याचें सामर्थ्य निराळें काय सांगावें?

पूर्व भागांतील एका विणकराच्या घरीं आमच्या एका गड्याचें पात्र लपलें होतें. पाठलाग करणारा रक्तपिपासू दाराशीं आला. त्या बैठकीचा सूत्रधार नवा होता व पुस्तकास अतिशय जपणारा होता. त्यानें विचारलें, आंत काय आहे? गड्यानें सांगितलें, दोन माग, त्यांच्यामागें चूल, माळ्यावर निजण्याची जागा, आणि दाराशीं विड्या वळीत बसलेली आई. "म्हणजे कारखाना," सूत्रधार म्हणाला; "कामाच्या जागेस उंबरठ्याचें बळ नाहीं." फासे पडले, रक्तपिपासू आंत आला, आणि आठ महिने जपलेलें पात्र त्या रात्रीं मेलें. तो गडी पद्मशाली विणकराच्या घरचा. त्यानें वर्णिलेलें घर कल्पनेंतलें नव्हतें. तो रागावला नाहीं. "मग आमचें घर हें घर नव्हे काय?" एवढेंच त्यानें विचारलें, आपले फासे गोळा केले, आणि पुढचे तीन रविवार तो आला नाहीं.

सूत्रधारानें नियम मोडला असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. अक्षर त्याच्या बाजूस होतें. परंतु अक्षर कोठें जन्मलें हेंही पाहिलें पाहिजे. त्या मूळ कथा घडतात शिकागो शहरांत. तेथें राहतें घर एकीकडे आणि कामाची जागा दुसरीकडे असें गृहीत धरून लेखकानें दोन खण पाडले. सोलापुरांत हजारों घरांनीं हे दोन खण कधीं ओळखलेच नाहींत. जेथें पाळणा मागाच्या ठेक्यावर हालतो, जेथें खंडेनवमीस त्याच मागाची पूजा होते, तेथें माग हा घराचा शत्रु कसा? उंबरठ्यास बळ येतें तें पिढ्यान्पिढ्या नांदण्यामुळें, असें नियमाचें तात्पर्य धरलें, तर त्या विणकराचा उंबरठा शहरांतील पुष्कळ बंगल्यांपेक्षां बळकट ठरावा. तेव्हां आमचें पहिलें म्हणणें असें कीं, नियमाचा अर्थ लावतांना तो कशासाठीं केला हें आधीं विचारावें, आणि त्यांतले शब्द ज्या गांवांत खेळ चालला आहे त्या गांवाच्या भाषेंत मोजावे.

हा वाद नवा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. प्रशियाच्या सैन्यांत राइसविट्स नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ मध्यें नकाशावर खेळावयाचा एक युद्धखेळ तयार केला होता. त्यांत फासे होते, कोष्टकें होतीं, आणि दोन्ही पक्षांमध्यें पंच होता. पुढें कोष्टकें इतकीं माजलीं कीं पंचाचा वेळ हिशेबांतच जाऊं लागला. तेव्हां १८७६ मध्यें व्हेर्दी दु व्हेर्न्वा या सेनानीनें असें प्रतिपादिलें कीं, कोष्टकें बाजूस ठेवावीं व अनुभवी पंचानें स्वतःच्या बुद्धीनें निकाल द्यावा. आजचे सूत्रधारही याच दोन पंथांत विभागलेले दिसतात. आम्हांस दुसरा पंथ अधिक मानवतो. परंतु एक भेद विसरतां येत नाहीं. प्रशियाचा पंच युद्ध पाहिलेला असे. आमच्या सूत्रधारानें रक्तपिपासू पाहिलेला नाहीं, मुंजाही पाहिलेला नाहीं, आणि सुदैवानें पुढेंही पाहण्याचा संभव नाहीं. त्याची बुद्धि अनुभवावर टेकूं शकत नसेल, तर ती निदान आपल्याच आधींच्या निवाड्यांवर टेकली पाहिजे. म्हणून आम्हीं निवाड्यांची एक वही घातली आहे. जो अर्थ एकदां लावला तो तिच्यांत तारखेसह लिहिला जातो, आणि सूत्रधार बदलला तरी वही बदलत नाहीं.

पुष्कळ नियमपुस्तकांतच असें छापलेलें असतें कीं, पटेल तो नियम ठेवा, न पटेल तो टाका. या वाक्याचा आधार घेऊन जे सूत्रधार पुस्तक उघडतच नाहींत त्यांच्याविषयीं आम्हांस फारसा आदर नाहीं. घरोघरीं नियम निराळे असणें यांत वाईट कांहीं नाहीं. आपल्या देशी बुद्धिबळांत प्यादें पहिल्या चालीसही एकच घर जातें. आजोबांशीं खेळावयाचें तर तसेंच खेळावें. पण आजोबा तें डाव मांडतांनाच सांगतात, आपलें प्यादें मरावयास आल्यावर सांगत नाहींत!

येथें महाभारतांतील द्यूताची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनि, हा प्रकार विपरीत आहे असें युधिष्ठिरानें डावाच्या आरंभींच म्हटलें होतें. म्हटलें, आणि तरीही तो खेळावयास बसला. पुढें द्रौपदीनें सभेस जो प्रश्न विचारला तोही नियमाचाच होता: जो स्वतःला आधीं हरला, त्यास मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? भीष्मासारख्या ज्ञात्यास उत्तर देतां आलें नाहीं. विकर्णानें दिलें तें कोणीं ऐकलें नाहीं. फासे पडून गेल्यावर विचारलेल्या प्रश्नास सभा कशी बगल देते तें तेथें स्पष्ट दिसतें. आमच्या मतें सूत्रधाराचा सर्व निवाडा फासे हातांत असतांनाच झाला पाहिजे: काय साधावयाचें, काय गमावण्याचा धोका, कोणता नियम लागू. हें मोठ्यानें सांगावें, गड्यास माघार घेण्याची संधि द्यावी, मग फासे टाकूं द्यावे.

फासे किती वेळां टाकावयाचे, हाही निवाडाच असतो, आणि तो सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. दोन फाशांवर सात किंवा अधिक पडल्यास यश, असें धरूं. छत्तीसपैकीं एकवीस प्रकारांनीं तें मिळतें. म्हणजे शंभरांत सुमारें अठ्ठावन्न वेळां. आतां किल्ल्याच्या तटावर चढणाऱ्या गड्यास सूत्रधारानें पायथ्याशीं एकदां, मध्यावर एकदां व माथ्यावर एकदां फासे टाकावयास लावले, आणि तिन्ही वेळां यश हवें म्हटलें, तर वर पोंचण्याची आशा शंभरांत वीसही उरत नाहीं. सूत्रधारानें एकही नियम मोडलेला नसतो, कोणावर रागही धरलेला नसतो. तरी त्यानें गड्यास तटावरून ढकलून दिलेलें असतें.

या दोन गोष्टी ध्यानांत घेतल्या म्हणजे त्या विणकराच्या घरांतील मृत्यूचा निकाल लावणें कठीण राहत नाहीं. आमच्यांतील कांहींचें मत असें पडलें कीं, मेलेलें पात्र परत आणूं लागलों तर खेळास अर्थ राहणार नाहीं. फाशानें मारलेल्या पात्रापुरतें तें आम्हांस मान्य आहे. परंतु हें पात्र फाशानें मारलें नव्हतें. फासे पडण्यापूर्वीं 'कारखाना' या एका शब्दानें मारलें होतें. निवाड्यानें मारलेलें पात्र निवाड्यानें परत आलें पाहिजे. मतें घेतलीं, तीं आमच्या बाजूनें पडलीं. चौथ्या रविवारीं तो गडी आला, आणि वहींत पहिल्याच पानावर लिहिलें गेलें कीं, जेथें चूल आहे तें घर.

खऱ्या शहरांत मोहीम खेळण्याची दुसरी अडचण अशी कीं, शहर आपल्यासाठीं थांबत नाहीं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी आमच्या नकाशावर होती. तिच्या माथ्यावर एका गड्यानें एक मंतरलेली पेटी ठेवली होती. खरी चिमणी जून २०२३ मध्यें पाडली गेली. मग पेटीचें काय? चिमणी मोहिमेंत उभीच राहूं द्यावी असें कांहींचें म्हणणें. आम्हांस तें पटलें नाहीं. सोलापूर घ्यावयाचें तर तें आहे तसें घ्यावें. नपेक्षां एखादें काल्पनिक नगर काढावें, कोणाची ना नाहीं. मात्र शहर बदललें म्हणून गड्याची मिळकत जावी हेंही अन्यायाचें; म्हणून चिमणी पडली आणि पेटी ढिगाऱ्यांत सांपडली, असा निवाडा झाला. त्या ढिगाऱ्यांतून पुढें पांच बैठकी पुरेल इतकें कथानक निघालें, हें वेगळेंच!

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. एकानें असें सुचविलें कीं, चार हुतात्म्यांस मोहिमेंत आणावें; रात्रीं ते पुतळ्यांतून उतरतात असें दाखवावें. हेतु वाईट नव्हता. तरीही आम्हीं नको म्हटलें. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे यांस १९३० च्या मार्शल लॉच्या प्रकरणांत शिक्षा होऊन १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी झाली. या खेळांत जें जें येतें तें तें फाशांच्या अधीन होतें. तें हरूं शकतें, भिऊं शकतें, विकलेंही जाऊं शकतें. हे चौघे आमच्या दोन फाशांवर हरतील अशी व्यवस्था करण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? आदरानें आणूं आणि हरूं देणार नाहीं असें म्हणावें, तर तीं पात्रें राहत नाहींत, नुसतीं चित्रें होतात. म्हणून त्यांचीं नांवें आमच्या वहींत एकदांच येतात, तीं कोणास खेळांत आणावयाचें नाहीं या पानावर. तोच न्याय देवळांस, दर्ग्यांस व प्रार्थनामंदिरांस लावला आहे.

परंतु या न्यायाची कड कोठें संपते हें अजून ठरलेलें नाहीं. शिवयोगी सिद्धरामेश्वरांनीं बाराव्या शतकांत या नगराभोंवतीं अडुसष्ट लिंगांची स्थापना केली असें परंपरा सांगते, आणि मकरसंक्रांतीच्या यात्रेंत त्यांना तैलाभिषेक होतो. आमच्यांतील एका कानडी घरच्या गड्यानें परवां असा प्रश्न टाकला कीं, देऊळ खेळांत आणूं नका, कबूल. पण अडुसष्ट लिंगांच्या आंतलें सारें गांव हें एकच घर धरावयाचें कीं नाहीं? धरलें तर शहराच्या वेशीसच उंबरठ्याचें बळ येतें, आणि आंत असलेले सगळे रक्तपिपासू कोणाच्या तरी आमंत्रणानें आलेले ठरतात. आमंत्रण कोणीं दिलें, हा मग मोहिमेचा मुख्य प्रश्न होतो. सूत्रधारानें दोन आठवड्यांची मुदत मागितली आहे. तोंपर्यंत प्रत्येकानें आपल्या घरच्या वडीलधाऱ्या माणसांस विचारून यावें असें ठरलें असून, वहींतील तें पान तूर्त कोरें आहे.