वाण, मान आणि जाहिरात

सणावाराच्या तोंडावर सोलापूरच्या कोणत्याही चौकात मान वर करून उभे राहिले असता जे दृश्य दिसते, त्याला शुभेच्छांचा महापूर म्हणावे की शुभेच्छुकांचा मेळावा म्हणावे, याचा निर्णय करणे कठीण आहे. ज्याला आपल्या गावात सर्रास ‘डिजिटल’ म्हणतात, त्या अवाढव्य फलकाच्या मध्यभागी कोणा पुढाऱ्याची हसरी मुद्रा, एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेला देव, खाली शुभेच्छुकांच्या छायाचित्रांची रांग, आणि त्याच्याच शेजारी सराफाची, दुचाकीच्या विक्रेत्याची नाहीतर खाजगी शिकवणीची सवलत. सण बदलला की संक्रांतीच्या पतंगाच्या जागी पाडव्याची गुढी येते आणि गुढीच्या जागी दिवाळीची पणती येते. बाकी मजकूर कायम. हा सारा खर्च करणारा व्यापारी, एरवी पै-पैचा जमाखर्च मांडणारा असूनही, या एका बाबतीत मोबदल्याचा हिशेब कधी मागत नाही, आणि त्या फलकावरचे एकही वाक्य दुसऱ्या दिवशी कोणाच्या स्मरणात राहत नाही, याचे आम्हांस नेहमी आश्चर्य वाटते. कारण आपली गोष्ट लोकांपर्यंत पोहोचवावी कशी, ही विद्या शिकण्यासाठी सोलापूरकराला गावाची वेसही ओलांडावी लागत नाही.

सणांचा दिवस ज्या दप्तरात ठरतो, ते दप्तरच मुळी या गावात आहे. दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षे सोलापुरातून निघते, आणि मुंबई-पुण्याच्या मोठमोठ्या पेढ्यांनी आपल्या दिवाळीच्या विक्रीचे बेत कितीही गुप्त खलबते करून आखले, तरी लक्ष्मीपूजन कोणत्या दिवशी हे विचारण्यासाठी त्यांनाही पंचांगच उघडावे लागते. २०२४ साली आश्विनातील अमावास्या ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर अशा दोन दिवसांवर पसरली होती. उत्तरेत अनेक ठिकाणी आदल्या दिवशी पूजन झाले, महाराष्ट्रातील पंचांगांनी दुसरा दिवस धरला, आणि चार दिवस जो तो एकमेकांस विचारीत असताना मराठी घरांनी शेवटी पंचांगाचेच म्हणणे प्रमाण मानले. असा विश्वास पंचांगाने कोणत्या आकर्षक मुखपृष्ठावर मिळविला? त्याचा कागद साधा, मजकूर गिचमिड, भाषा रुक्ष. परंतु वर्षभर आधी जे छापले ते वर्षभर उघड्यावर तपासले जाते. ग्रहणाची वेळ चुकली तर ती खोटी पाडायला प्रतिस्पर्धी लागत नाही, आकाश पुरेसे असते. आपले शब्द अशा रीतीने तपासणीच्या हवाली करण्याची तयारी किती जाहिरातदारांची आहे?

मात्र या विद्येचे खरे विद्यापीठ म्हणजे जानेवारीत भरणारी श्रीसिद्धेश्वरांची यात्रा, आपल्या बोलीतला गड्डा. बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या काळी, सिद्धरामेश्वर नावाचा एक शिवयोगी या गावात तलाव खोदतो, गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना करतो, वचने रचतो. त्याच्याशी विवाहाची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येला विरक्त असल्यामुळे स्वतः वरणे शक्य नाही म्हणून आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुज्ञा देतो. आणि त्या कथेची उजळणी हे गाव दरसाल संक्रांतीच्या सुमारास करते. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांस तैलाभिषेक, म्हणजे यण्णीमज्जन. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. मग होमप्रदीपन, मग होम मैदानावर शोभेचे दारूकाम, आणि अखेरीस कप्पडकळी. क्रम ठरलेला, मार्ग ठरलेला, आणि त्या मार्गावर कोणी कोठे चालावयाचे हेही ठरलेले. सात नंदीध्वज निघतात, त्यांत पुजारी हिरेहब्बू घराण्याच्या अग्रमानापासून देशमुखांच्या, माळ्यांच्या, विश्वब्राह्मणांच्या आणि मातंग समाजाच्या मानापर्यंत गावातील निरनिराळ्या थरांची वहिवाट गुंफलेली असते. ही वहिवाट नुसता सन्मान नव्हे. कमरेच्या पट्ट्यावर तो उंच आणि जड नंदीध्वज एकट्याने तोलून धरावा लागतो, त्यासाठी यात्रेपूर्वी कित्येक दिवस सराव करावा लागतो, आणि ज्याचा मान आहे त्याने थंडी असो, पाऊस असो, घरात अडचण असो, हजर राहावेच लागते.

येथेच आम्हांस जाहिरातीच्या चालू पद्धतीचे मर्मस्थान सापडते. आजचा जाहिरातदार सणाकडे हक्काने येतो, परंतु सणाचे कोणतेही कर्तव्य अंगावर घेत नाही. त्याला गर्दी हवी, गर्दीचे उत्तरदायित्व नको. उलट नंदीध्वज पेलणाऱ्याला गावाने जी दृष्टी दिली आहे, ती त्याने घाम गाळून, आणि पुढल्या वर्षी पुन्हा येण्याचे वचन देऊन मिळविलेली आहे. शिवाय यात्रेतल्या हजारो भक्तांचा वेश एकच, पांढरी बाराबंदी. त्यामुळे त्या शुभ्र समुदायात कोण पेढीचा मालक आणि कोण मागावरचा कामगार हे ओळखू येत नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने तो समुदाय दुरून एका दृष्टिक्षेपात ओळखू येतो. आपापले बोधचिन्ह छातीवर मिरविण्याची आतुरता ज्यांना आवरत नाही, त्या मंडळींनी हे दृश्य एकदा तलावाच्या काठावरून पाहावे.

अक्षतांचा प्रसंग तर याहून विचारणीय आहे. विवाहाची संमती वाचली जाते ती कन्नडात, आणि ऐकणारा समुदाय असतो मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चार बोलींचा. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हाही तो संदेश शेवटच्या रांगेपर्यंत जात होता, कारण त्या मजकुराला ऐकणाऱ्याने उत्तर देणे हा विधीचाच भाग आहे. ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ हा घोष कानी पडताच हातातल्या अक्षता उधळल्या जातात, आणि ज्याला कन्नडातले एक अक्षर समजत नाही त्याचाही हात योग्य क्षणी वर जातो. श्रोत्याच्या मुठीत आधी तांदूळ द्यावेत आणि मग त्याच्याशी बोलावे, एवढे शहाणपण गावाला होते. चार भाषांच्या या शहरात आपली जाहिरात एकाच भाषेत, आणि तीही पुण्यातल्या कचेरीत बसून लिहविणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे; पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत नवरात्रात बतुकम्मा खेळला जातो हे ज्याला ठाऊक नाही, त्याने सोलापुरात साडी विकण्याचे साहस खुशाल करावे, परंतु यशाची अपेक्षा बेताची ठेवावी.

यात्रेतील भाकणुकीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. होमप्रदीपनानंतर रात्री देशमुखांचे दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू आणतात, त्याच्यापुढे धान्ये, गूळ, चारा असे जिन्नस मांडतात, आणि ते कशाला तोंड लावते, कशाला हुंगून सोडते, यावरून पाऊसपाण्याचे व बाजारभावाचे भाकीत सांगतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे ते छापतात. या अंदाजावर आमचा विश्वास आहे असे नाही. तथापि आलेख काढून बाजाराचे भवितव्य सांगणाऱ्या तज्ज्ञांच्या तुलनेत या वासराची एक बाजू निश्चित उजवी आहे : ज्या मालाची ते तेजी सांगते, त्याचा साठा त्याच्या गोठ्यात नसतो.

गड्डा सरता सरता घरोघरी दुसरे विद्यापीठ भरते, आणि त्याच्या अध्यापिका स्त्रिया असतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला वाण लुटण्याचा जो रिवाज आहे, त्याचे अर्थशास्त्र कोणी मोठ्या अभ्यासकाने मांडावे इतके सूक्ष्म आहे. वस्तू स्वस्त, परंतु उपयोगाची. येणाऱ्या प्रत्येकीस सारखीच, मग ती बंगल्यातली असो वा चाळीतली. स्वतःच्या हाताने, कुंकू लावून, तिळगुळासह दिलेली. आणि घेणारीने मोबदल्यात काही द्यावे ही अपेक्षा नाही, फक्त तिच्याही घरी बोलावणे येणार हे गृहीत. ज्या पोलादी वाटीवर भांड्यांच्या दुकानाबाहेर बसलेल्या कारागिराकडून नाव घालून घेतलेले असते, ती वाटी वीस-पंचवीस वर्षे परक्या स्वयंपाकघरात फोडणीच्या डब्याशेजारी नांदते, आणि तेथे ते नाव रोज वाचले जाते. व्यापारी मंडळीही दिनदर्शिका आणि पिशव्या वाटतात. फरक एवढाच की तेथे वस्तूपेक्षा नाव मोठे असते, आणि नाव मोठे असलेली पिशवी घेऊन बाजारात जायला गृहिणी कचरते.

परंतु परंपरेतले सगळेच शिकण्यासारखे असते, असा भाबडा समज आम्ही पसरवू इच्छित नाही. याच हळदीकुंकवाने पिढ्यान् पिढ्या विधवेला दाराबाहेर ठेवले, आणि स्त्रियांच्या निम्म्या दुःखाचा मूळ धागा या निरुपद्रवी वाटणाऱ्या समारंभातून जातो, हे विसरून वाणाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढले. तेव्हापासून ज्या दुकानदाराला आपली माणुसकी जगाला दाखवायची आहे, त्याच्यापुढे एक सोपा मार्ग खुला आहे : पेढीच्या हळदीकुंकवाचे निमंत्रण त्याने विधवांसही पाठवावे, आणि त्याची बातमी छापून आणण्याच्या खटपटीत पडू नये. बातमी आपोआप पसरेल.

सोलापुरी चादरीची कीर्ती तरी दुसऱ्या कोणत्या उपायाने झाली? तेलंगणातून आलेल्या विणकरांनी जेकार्डच्या मागावर ती विणली, आणि लग्नाच्या आहेरात, वसतिगृहात जाणाऱ्या मुलाच्या ट्रंकेत, स्थानकावर गाडी थांबल्यावर उतारूंनी घाईघाईने केलेल्या खरेदीत ती महाराष्ट्रभर गेली. तिची जाहिरात माणसांनी वर्षानुवर्षे अंगावर पांघरली. २००५ च्या सुमारास चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेव्हा कायद्याने या गावाला असा एक हक्क दिला, जो व्यवहारात लोकांनी फार पूर्वीच देऊन ठेवला होता. दुःखाची गोष्ट ही, की परगावचा हलका माल याच नावाने आजही विकला जातो, आणि खरा माल ओळखावा कसा हे गिऱ्हाइकाला समजावून सांगण्यावर जो खर्च व्हावयास पाहिजे, तो सणाच्या शुभेच्छांवर होतो.

जाहिरात आणि सण यांचा संसार मुळीच सुखाचा होऊ शकत नाही, असेही नाही. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी वाङ्मय ठेवण्याची जी गोड सवय मराठी घरांना लागली, तिचा खर्च मोठ्या प्रमाणावर जाहिरातदारांनी सोसला, त्यांनी पानाची जागा घेतली, पण बदल्यात कथाकाराला मानधन मिळू दिले. अलीकडे, २०१३ च्या प्रयाग कुंभमेळ्यात, एका साबण-कंपनीने लाखो पोळ्यांवर ‘हात धुतले का?’ अशा अर्थाचा प्रश्न तापल्या शिक्क्याने उमटविला. जेवायला बसलेल्या माणसाच्या हाती तो प्रश्न नेमक्या वेळी पडावा, ही युक्ती अप्रतिमच. परंतु मेळा उठला आणि शिक्काही उठला. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या पदयात्रींच्या वाटेवर जी मंडळी वर्षानुवर्षे त्याच वळणावर पाणी, चहा, फराळ घेऊन उभी राहतात, त्यांतल्या कित्येकांची नावे फलकावर नसतात, आणि तरीही पायी चालणारा भाविक त्यांचा ठिकाणा अंधारात बिनचूक सांगतो.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. महापालिकेने नंदीध्वजांच्या मार्गावर यात्रेच्या काळात एकही डिजिटल लागू देऊ नये, आणि हा नियम पुढाऱ्यांनाही लागू करावा, कारण पहिला भंग तेथूनच होईल. त्यामुळे वाचलेला पैसा व्यापारी संघांनी एकत्र करून त्याच मार्गावर पिण्याच्या पाण्याची, स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची आणि म्हाताऱ्यांना टेकायला बाकांची व्यवस्था करावी. एकेका पेढीने एकेक जागा घ्यावी, आणि एकदा घेतलेली जागा किमान दहा वर्षे सोडू नये, असा लेखी करार देवस्थानाशी करावा. बाकावर नाव घालायचेच असेल तर वाटीवर घालतात तेवढ्या आकाराचे घालावे. पहिल्या वर्षी मंडळी कुरकुर करतील, दुसऱ्या वर्षी कोणाची जागा अधिक मोक्याची यावरून भांडतील. तिसऱ्या वर्षी त्या जागांचे मान ठरतील, आणि मग त्या सोडवून घेणे महापालिकेच्याही हाती राहणार नाही.